भवानीचं क्लिक

मुलांनो, तुमच्या मामीने, म्हणजे माझ्या सुनेने, कुडाळच्या नोकरीतून वर्षभराची बिनपगारी रजा घेतली, ती शिरोड्याच्या घरामागे पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्यांकरता. खोल्या चालल्या तर ती इथे राहणार. नाहीतर नोकरी पुन्हा सुरू आणि मामासकट बिऱ्हाड कुडाळला. म्हणजे मग या घरात मी एकटीच.

जाहिरात इंटरनेटवर द्यायची ठरली. कोणी ‘शिरोडा होमस्टे’ असं शोधलं, की वरच्या जागेसाठी तिथे त्या क्षणी लिलाव होतो. आमच्या किनाऱ्यावर मासळीचा होतो तसाच. फक्त कोण किती बोललं ते दिसत नाही आणि भांडायला समोर कोणी नसतं, त्यामुळे निम्मी मजा जाते. जाहिरातीवर कोणी बोट लावलं की आपले पैसे गेले, मग तो माणूस येवो न येवो. दिवसाची ठरवलेली रक्कम संपली की दुसऱ्या दिवसापर्यंत जाहिरात गुडूप. बोली किती लावावी याची, जाहिराती दाखवणाऱ्या कंपनीची मदतीची पानं मी मामीला वाचून दाखवली. इंग्रजी निर्दोष होतं. बोली आपल्या उद्दिष्टानुसार ठरवावी, एवढं त्यात वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं होतं.

शेजारी माझ्या चुलत जावेच्याही खोल्या आहेत. तिची जाहिरात आमच्या वर दिसली की मामी बोली वाढवी, आणि संध्याकाळी जाऊ तिच्यावर चढे. सासऱ्यांच्या काळापासून कुंपणावरून चाललेलं भांडण असं नव्या जागी गेलं. कंपनीला दोन्ही घरांकडून मिळत होतं. इतकी सोय आमच्या वकिलांचीही कधी झाली नव्हती.

तरी फोन येईना. जाहिरातीवर बोटं मात्र भरपूर पडत आणि न्याहारीच्या वेळीच दिवसाची रक्कम संपे. पुण्यामुंबईची माणसं फोन हातात घेईपर्यंत आम्ही गुडूप. मामीने बोली आणखी वाढवली. मग रक्कम न्याहारीच्याही आधी संपू लागली.

खुलासा मासळीवालीने केला. पाटी उतरवता उतरवता ती म्हणाली, “काकीनू, तुमची भवानी रोज मीच करतंय हां.”

“कसली भवानी?” मामीने विचारलं.

“त्या फोनातली. सकाळी उठल्यार तुमचा नाव घालतंय, वर इला की बोट लावतंय. मगे च्याय. देवळाकडच्या सगळ्यांका सांगलंय. तू कुडाळाक जाता नये गो, बाय.”

दिवसाची पहिली विक्री चांगल्या हाताने व्हावी म्हणून आपल्याकडे नव्या दुकानातून माणसं गरज नसताना काडेपेटी नेतात. इथे काडेपेटी नव्हती, म्हणून ती बोट लावत होती. मामीने तिच्याकडून दोन बांगडे जास्त घेतले.

“नका लावू” असं गावाला सांगणं म्हणजे आशीर्वाद परत करणं. मामीने बोली खाली आणली आणि जाहिरात आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात दिसू नये अशी व्यवस्था केली. तुमच्या आईलाही मी कळवलं, की तिकडून कौतुकाने शोधणं बंद करा. थोड्याच दिवसांत पुण्याहून पहिला फोन आला.

गावात मात्र आम्ही दिसेनासे झालो. देवळाकडची माणसं समाचाराला आली.

“बंद पडला मां गो? दिष्ट लागली असतली.”

मामी चहा देत राहिली. आता सकाळी कुणाची तरी भवानी करायलाच हवी, म्हणून ती मंडळी वर दिसणाऱ्या जाहिरातीला बोट लावू लागली. ती जावेची होती.

नाताळच्या सुमारास जाऊ कुंपणाशी आली. “वयनी, माजे पैसे सकाळीच संपतत. तुमच्या सुनेन काय केल्यान?”

मी म्हटलं, “मला त्यातलं काय कळतं?” मदतीची पानं सगळी वाचलेली बाई मी. पण आमच्या दोन्ही खोल्या भरल्या होत्या आणि कोल्हापूरचं एक कुटुंब दारात उभं होतं. मामीने त्यांना जावेकडे पाठवलं, मागोमाग स्वतः गेली आणि तिच्या फोनमध्येही जिल्हा बंद करून आली.

रजा संपायच्या आधी मामीने राजीनामा दिला. आता दोन्ही घरं एकमेकांवर बोली चढवत नाहीत. त्यावर कंपनीचा काळजीचा निरोप आला, की तुमची बोली कमी पडते आहे. मी त्याला व्यवस्थित इंग्रजीत उत्तर लिहिलं, की आम्हाला पुरते आहे.