सगळ्यांच्या मागचे काका

काकांचा चेहरा मला आठवतो तो आरशातला. हेल्मेटखालून मानेभोवती गुंडाळलेला पिवळा दुपट्टा, जुन्या फटफटीवर ताठ बसलेली आकृती आणि तिच्या मागे रिकामा रस्ता. आमच्या रांगेत ते कायम शेवटी असत, म्हणून त्यांचं नाव पडलं मागचे काका. खरं नाव होतं, पण ते कुणाला लागलंच नाही.

दर फाल्गुनात, होळीच्या आधीच्या एखाद्या रविवारी, आम्ही वाशीमचे दहा-बारा जण मोटरसायकली काढून पळस पाहायला निघतो. अनसिंगवरून आतल्या रस्त्यांनी पोहरादेवी, तिथे दर्शन आणि डबे, मग इंझोरीकडून परत. काका अनसिंगजवळचे शेतकरी. पहिल्या वर्षी आम्ही तिथल्या टपरीवर चहाला थांबलो, तेव्हा ते बाकावर बसले होते. कुठे निघालात, असं त्यांनी विचारलं. पळस पाहायला म्हटल्यावर ते पोट धरून हसले. पळस पाहायला पेट्रोल जाळणारी शहाणी माणसं त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. पण आमच्या गाड्या निघताना पाहिल्या आणि त्यांचं हसू थांबलं.

"तुमच्यातला शेवटचा पडला, तं कोणाले समजीन?" त्यांनी विचारलं.

आमच्यातला जो तो पुढे राहण्याच्या नादात. काकांनी घरून फटफटी आणली, सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आणि मागे लागले. ते मागेच राहिले.

त्याच दिवशी त्यांनी एक नियम घालून दिला. मागचा दिसल्याशिवाय फाटा सोडायचा नाही. जिथे रस्ता फुटतो तिथे थांबायचं, मागचा आरशात आला की मगच वळायचं. मेडिकलवाला गजू सगळ्यात पुढे असे आणि त्याला थांबणं म्हणजे शिक्षाच. पण काकांपुढे त्याचंही चालत नसे.

या नियमाने एकदा आमची चांगलीच फजिती केली. काकांच्या गाडीची चेन तुटली. त्यांच्या पुढचा फाट्यावर थांबला, त्याच्या पुढचा आणखी पुढच्या फाट्यावर, असं करत पार गजूपर्यंत सगळे थिजले. तेव्हा त्या पट्ट्यात मोबाइलला रेंज नव्हती. मागे जाऊन बघावं, तर फाटा सुटतो. प्रत्येक जण आपापल्या फाट्यावर पाटलासारखा उभा. गजूने कुणाच्या तरी शेतातले हरभऱ्याचे घाटे खाऊन पोट भरलं आणि त्या शेताच्या मालकिणीच्या शिव्याही खाल्ल्या. बऱ्याच वेळाने काका चेन जोडून आले आणि एकेकाला गोळा करत पुढे निघाले. "फाट्या-फाट्यावर माणूस उभा," ते नंतर सांगत, "मले वाटलं, मंत्रीच येऊन राह्यला."

मी या रांगेत आले ती घाबरत घाबरत. शाळेत शिकवते, वर्गात माझा आवाज चालतो, पण मागून ट्रकचा हॉर्न आला की मी गाडी कडेला घेऊन थांबत असे. त्यातून माझी बिनगिअरची स्कूटर. काकांनी मला आपल्या पुढे घेतलं. निघण्याआधी माझा आरसा स्वतः फिरवून बसवला. "मी दिसून राह्यलो नं? मंग ट्रकवाल्याले आधी मी लागतो. तू कायले भेतं?" हे ऐकून भीती जावी की वाढावी, मला कळेना. पण गेली खरी. त्या पिवळ्या दुपट्ट्याच्या भरवशावर मी पुढे एकटी मानोऱ्यापर्यंत गाडी नेऊ लागले.

पोहरादेवीला डबे सोडले की सगळे पळसाबद्दल बोलत. कुणी फोटो दाखवी, कुणी यंदा फुलोरा कमी म्हणे. काका मात्र गाड्यांबद्दल बोलत. गजूचा मागचा दिवा लागत नाही. तुझी ओढणी चाकाशी लोंबते, बाई, खोचून घे. फुलं पाहिली का, असं कुणी विचारलं तर म्हणत, "असतीन नं तिथंच. कुठं जातीन?" आम्ही हसायचो. शेतकऱ्याला पळसाचं काय कौतुक, असं आम्हाला वाटे.

गेल्या दिवाळीनंतर काकांना लकव्याचा झटका आला. बोलणं वाचलं, पायही हळूहळू चालू लागला, पण डावा हात क्लच दाबण्याजोगा राहिला नाही. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. फाल्गुन लागला तरी यंदा निघायचं का, हे कुणी विचारेना. शेवटी गजूने सुचवलं, काकांना कारमध्ये बसवू, कार पुढे ठेवू. तो निरोप घेऊन मी अनसिंगला गेले.

काकू म्हणाल्या, रोज सकाळी उजव्या हाताने गाडी पुसतात आणि कुणाशी बोलत नाहीत. कारचं नाव काढताच काकांनी मान फिरवली.

"पुढं बसून मी काय करू? ओझंच नं मी आता. तुमी जा."

"मग मागं कोण राहील?"

"तू राह्य."

मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, माझ्याने नाही होणार, माझ्या आरशात कुणीतरी लागतं. मग मीच म्हणाले, "मी शेवटी राहते. पण तुम्ही माझ्या मागं बसायचं. तरच."

त्यांनी बराच वेळ गाडीकडे पाहिलं आणि काकूंना म्हणाले, "माहा दुपट्टा कुठी हाये?"

या वर्षी आमची रांग अशी निघाली. गजू पुढे, मी शेवटी, माझ्या मागे काका. पोहरादेवीच्या अलीकडे मी सवयीने आरशात पाहिलं. रस्ता रिकामा. तेवढ्यात दुपट्ट्याचं टोक वाऱ्याने माझ्याच खांद्यावर आलं. मला रडू आलं, तशीच चालवत राहिले.

थोड्या वेळाने खांद्यावर थाप पडली. थांबव, म्हणाले. मी गाडी कडेला लावली. काका सीटला धरून उतरले आणि उभे राहिले. समोरचा सगळा उतार पळसाने पेटला होता.

"इतके वर्स आलो," ते म्हणाले, "पन तुमचे चाकंच पायत होतो. पयस असा रायते, हे आज पायलं, बेटा."

माझा फोन वाजला. गजू होता. काय झालं, सगळे आपापल्या फाट्यावर उभे आहेत म्हणाला. आता तिथे रेंज येते. मी सांगितलं, काही नाही, काका फुलं पाहताहेत. तो म्हणाला, पाहू दे.

"चाल आता," काका म्हणाले, "लोकं ताटकयले असतीन."

"असू द्या. मागचा दिसल्याशिवाय फाटा सोडायचा नाही, तुम्हीच सांगितलंय."

काका हसले आणि पुन्हा पळसाकडे वळले. मी स्कूटर बंद केली.