अर्धे परत येणारे कप

गिऱ्हाइकं कॉफीच्या दुकानाच्या मालकिणीला समोर ‘मॅडम’ म्हणतात आणि पाठीमागे ‘हेडबाई’. याला कारण भिंतीवरची पाटी: ‘साखर मागू नये. आधी दोन घोट प्यावेत.’ पाटी वाचूनही कुणी साखर मागितलीच, तर हेडबाई कप उचलतात, पैसे परत देतात आणि काचेतून समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलकडे बोट करतात. तिथल्या व्हरांड्यात बटण दाबलं की गोड कॉफी ओतणारं यंत्र आहे. ‘‘तिकडे मिळेल तुम्हाला हवं ते,’’ असं त्या म्हणतात. आवाज चढत नाही, पण त्या माणसाचा चेहरा उतरतो.

दुकान अकरा फूट रुंद. तीन टेबलं, खिडकीला लागून फळी आणि सहा उंच स्टुलं. काउंटरच्या मागे हेडबाई, आणि बेसिनपाशी त्यांची धाकटी नणंद. नणंद कप धुते, पैसे घेते आणि स्वतः फक्त चहा पिते, तोही घरून थर्मासमधून आणलेला. तेवढ्यावरून तिने पहिल्या वर्षी खूप ऐकून घेतलं, दुसऱ्या वर्षी उलट बोलायला लागली.

हेडबाईंनी आधी एकोणीस वर्षं औषधांच्या कारखान्यात काम केलं. खोकल्याच्या सिरपची चव तपासणाऱ्या पाच जणांत त्या होत्या. तीन पेल्यांतला वेगळा कोणता, हे त्या सहसा पहिल्या फेरीत सांगायच्या. कारखान्याने ते काम बाहेरच्या कंपनीला दिलं तेव्हा हातात थोडी रक्कम आली. त्यातून जुनं यंत्र, नवा ग्राइंडर आणि हे दुकान उभं राहिलं. नवऱ्याने, जो लिफ्ट दुरुस्त करतो, एकच प्रश्न विचारला होता: ‘‘आपल्याला यातलं येतं काय?’’ हेडबाईंनी उत्तर दिलं, ‘‘मला जीभ आहे.’’

रोज सकाळी सात वाजता त्या ग्राइंडर लावतात. कॉफीची बी बारीक दळली तर पाणी हळू उतरतं आणि कडूपणा ओढून आणतं, जाड दळली तर पाणी भरकन निसटतं आणि कॉफी आंबट, पाणचट होते. हवा बदलली, बियांची पिशवी बदलली की हे गणित हलतं. म्हणून रोज चार-पाच कप करायचे, चाखायचे, थुंकायचे आणि ग्राइंडरची चकती फिरवायची. चकतीवर एक ते पंधरा आकडे आहेत. हेडबाईंचा आकडा साधारण साडेनऊच्या आसपास असायचा. साडेसातला कुलूप निघालं की दिवसभर चकतीला कुणी हात लावायचा नाही.

पहिला अर्धा कप परत आला तेव्हा नणंदेच्या लक्षातही आलं नाही. हेडबाईंच्या आलं. कप होता मुद्रितशोधकांचा. हे गृहस्थ एका प्रकाशनात तीस वर्षं मजकुरातल्या चुका काढून निवृत्त झालेले. चार वर्षं रोज दहा वाजून दहा मिनिटांनी येतात, खिडकीजवळच्या तिसऱ्या स्टुलावर बसतात, काळी कॉफी घेतात आणि तळ दिसेपर्यंत पितात. त्या दिवशी कपात तीन बोटं कॉफी उरली होती.

‘‘घाई असेल त्यांना,’’ नणंद म्हणाली.

‘‘पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचला की त्यांनी.’’

दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याभरात खिडकीतल्या दोन मुली दुधाची कॉफी अर्धी सोडून जायला लागल्या. शिवणयंत्रं दुरुस्त करणारा शेजारी, जो कामाच्या मध्ये धावत येऊन उभ्या उभ्या छोटा कप संपवायचा, तो ‘पित्त झालंय’ म्हणून यायचाच बंद झाला. कुणी तक्रार केली नाही. सगळे हसून ‘छान’ म्हणायचे आणि निघून जायचे.

हेडबाईंच्या पायाला भिंगरी लागली. त्यांनी यंत्राची वाफेची नळी उघडून साफ केली. पाण्याचा फिल्टर मुदतीच्या दोन महिने आधी बदलला. बिया पाठवणाऱ्याला फोन करून झापलं, त्याने दुसरी पिशवी पाठवली, फरक पडला नाही. ग्राइंडरची पाती नवी बसवली. कप परत आले की त्या बेसिनपाशी जाऊन उरलेली कॉफी मापाच्या ग्लासात ओतून बघायच्या, मग ग्लास धुवायच्या, पुसायच्या, परत पुसायच्या.

‘‘वहिनी, लोक खाल्लेलं मोजतात, तू उष्टं मोजायला लागलीस,’’ नणंद म्हणाली.

‘‘तू कप धू.’’

‘‘धुतेच आहे. हल्ली जड लागतात.’’

त्यात रोज सकाळी एक विचित्र गोष्ट घडत होती. साडेनऊवरची कॉफी त्यांना फिकी लागायची, आंबटसर. त्या चकती बारीककडे फिरवायच्या. नऊ. साडेआठ. आठ. महिनाभरात चकती साडेसहावर आली. हे आकडे त्यांना खुपत होते, पण त्यांनी कारखान्यातच शिकलेलं धरून ठेवलं होतं: यंत्राचा आकडा आणि जीभ यांचं भांडण झालं तर जिभेचं ऐकायचं. साडेसहावरची कॉफी त्यांना अगदी नेमकी लागत होती. म्हणजे कॉफी चांगली होती. म्हणजे लोकांचंच काहीतरी बिघडलं होतं. रात्री अंथरुणात त्या नवऱ्याला हे समजावत. तो ‘हो’ म्हणायचा आणि कूस बदलायचा.

एका गुरुवारी मुद्रितशोधक अर्धा कप ठेवून उठले तशा हेडबाई एप्रन न काढताच त्यांच्या मागे निघाल्या. ते लांब गेलेच नाहीत. रस्ता ओलांडून ड्रायव्हिंग स्कूलच्या व्हरांड्यात शिरले, नाणं टाकलं, बटण दाबलं आणि कागदी कप तोंडाला लावला.

‘‘काका!’’

मुद्रितशोधकांच्या हातातला कप डचमळला. गाडी शिकायला आलेल्या तिघी-चौघी वळून बघायला लागल्या.

‘‘मॅडम, हे... तोंडाची चव घालवायला घेतो,’’ ते म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळल्यावर आणखी गोरेमोरे झाले.

‘‘कसली चव?’’

‘‘राहू द्या ना.’’

‘‘कसली चव, काका?’’

‘‘कडू.’’ त्यांनी खाली बघितलं. ‘‘आता काय लपवायचं. जळक्या लाकडासारखी कडू लागते हल्ली. महिना झाला.’’

‘‘महिना! मग बोलला का नाहीत?’’

‘‘तुमच्याशी?’’ मुद्रितशोधक हसले. ‘‘साखर मागितली तर माणूस रस्त्यावर येतो. कडू आहे म्हटलं असतं तर पोलीस बोलावले असतेत. आणि खरं सांगू का, तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर खुणा केल्या. एकाने आभार मानले नाहीत. आता कुणी विचारल्याशिवाय खूण करायची नाही असं ठरवलंय.’’

‘‘मग येता कशाला रोज?’’

‘‘सवय. आणि वाटायचं, उद्या सुधारेल.’’

हेडबाई दुकानात आल्या. स्वतःसाठी एक कप केला आणि प्यायला. कडू नव्हता. परत प्यायला. नव्हताच. म्हातारा खोटं बोलतोय असं मनात आलं आणि त्याच क्षणी कारखान्यातले तीन पेले आठवले.

दुपारी गर्दी नसताना त्यांनी दाराला ‘दहा मिनिटांत येतो’ची पाटी लावली आणि नणंदेला समोर उभं केलं. तीन कप करायचे: एक साडेनऊवर, एक आठवर, एक साडेसहावर. बुडाला खडूने खूण. नणंदेने कप फिरवायचे, हेडबाईंनी पाठ करून उभं राहायचं.

त्या वळल्या आणि चाखायला लागल्या. पहिला. तिसरा. दुसरा. पुन्हा पहिला. कारखान्यात या कामाला त्यांना अर्धं मिनिट लागायचं. नणंद घड्याळाकडे बघत होती. चार मिनिटांनी हेडबाईंनी मधल्या कपावर बोट ठेवलं.

‘‘हा सगळ्यांत कडू.’’

नणंदेने कप उलटा करून बूड बघितलं. साडेनऊ होतं.

‘‘तू पी,’’ हेडबाई म्हणाल्या.

‘‘मी? मला काय कळतंय त्यातलं!’’

‘‘पी म्हटलं ना.’’

नणंदेने शेवटच्या कपातला घोट घेतला आणि तिचं तोंड असं वाकडं झालं की विचारायची गरज उरली नाही. ती बेसिनकडे धावली. ‘‘अगं आई गं! हे लोकांना पाजत होतो आपण?’’ तो साडेसहावरचा कप होता.

हेडबाई स्टुलावर बसल्या. दुकानाच्या वेळेत त्यांना बसलेलं नणंदेने कधी पाहिलं नव्हतं. तिने विचारलं, ‘‘सर्दी नाही, ताप नाही. गोळ्या घेतेस का कसल्या?’’

‘‘गोळ्या कसल्या? काही नाही.’’

‘‘आणि ते दाताचं?’’

दोन महिन्यांपूर्वी हेडबाईंच्या हिरड्यांवर लहानशी शस्त्रक्रिया झाली होती. चूळ भरायला औषध दिलं होतं, सकाळ-संध्याकाळ, दोन आठवडे. दोन आठवडे संपले तरी तोंड स्वच्छ वाटतं म्हणून त्यांनी आणखी बाटल्या आणल्या. सात आठवडे रोज सकाळी साडेसहाला चूळ आणि सातला ग्राइंडर. नणंद घरी जाऊन बाटली घेऊन आली. मागच्या बाजूला, डोळ्यांना ताण देणाऱ्या अक्षरांत, लिहिलं होतं की या औषधाने काही काळ चवीत बदल जाणवू शकतो.

कारखान्यात त्या रोज सकाळी एक फॉर्म भरून द्यायच्या: सर्दी नाही, औषध नाही, तासाभरात दात घासलेले नाहीत, चूळ भरलेली नाही. एकोणीस वर्षं सह्या केल्या. स्वतःच्या दुकानात तसा फॉर्म पुढे करणारं कुणी नव्हतं.

दातांच्या दवाखान्यात फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, ‘‘औषध थांबवा, चव येईल परत. दोन-तीन आठवड्यांत. बहुतेक.’’

‘‘बहुतेक म्हणजे?’’

‘‘म्हणजे येते, मॅडम. सगळ्यांची येते बहुतेक.’’

तो शब्द हेडबाईंना झोपू देईना. दुसऱ्या दिवशी सात वाजता प्रश्न साधा होता: दुकान उघडायचं तर चाखणार कोण? नणंदेने नाक मुरडत, प्रत्येक घोटानंतर चहाची चूळ भरत (हेडबाईंनी थर्मास काढून घेतला आणि साधं पाणी दिलं) चकती फिरवायला लावली. आठ, ‘‘शी!’’ नऊ, ‘‘नको.’’ साडेनऊ, ‘‘बरं आहे पण घशाला लागतं.’’ दहाच्या किंचित पुढे गेल्यावर ती थांबली. ‘‘ही चालेल. ही मी पिईन सुद्धा.’’

दहाच्या पुढे हेडबाई कधी गेल्याच नव्हत्या. पण तीच कॉफी लोकांना दिली. आपण काय देतोय हे ठाऊक नसताना कप पुढे सरकवणं त्यांना जमत नव्हतं. कप दिला की त्या काउंटरच्या टोकापर्यंत जायच्या, परत यायच्या, पिणाऱ्याच्या गळ्याकडे बघायच्या. मुद्रितशोधकांनी तिसऱ्या दिवशी न राहवून सांगितलं, ‘‘मॅडम, तुम्ही असं बघितलंत तर माझ्याने गिळवत नाही.’’ पण कप रिकामा ठेवला. शिवणयंत्रवाल्याचं पित्त आठवड्याभरात गेलं.

एकविसाव्या दिवशी सकाळी नणंदेचा कप चाखताना हेडबाईंच्या जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी टोचलं. त्यांनी ताबडतोब तीन कप मांडले, पाठ केली, वळल्या आणि वीस सेकंदांत तिन्ही ओळखले. नणंदेने टाळी वाजवली. हेडबाई म्हणाल्या, ‘‘तुझी कॉफी पाणचट आहे.’’

‘‘झालं! आली वाटतं जीभ परत.’’

‘‘साडेनऊ लावते.’’

‘‘लोक संपवतायत ना?’’

हेडबाईंनी चकतीवरचा हात काढला, परत ठेवला. दहा वाजून दहा मिनिटांनी मुद्रितशोधकांपुढे एक नाही, दोन कप आले. डावा साडेनऊचा, उजवा नणंदेचा. कोणता कुणाचा ते त्यांना सांगितलं नाही. ‘‘मी विचारतेय, काका. खूण करा.’’

त्यांनी दोन्ही चाखले आणि उजव्यावर बोट ठेवलं.

‘‘परत प्या.’’

‘‘हाच.’’

‘‘थोडा गार होऊ द्या. गार झाल्यावर खरी कळते.’’

‘‘मॅडम, मला साडेदहाची बस आहे.’’

‘‘पुढची पाऊण तासाने आहे.’’

ते बसले. पंचवीस मिनिटांनी दोन्ही कप कोमट झाल्यावर त्यांनी पुन्हा चाखले, हेडबाईंकडे बघायचं टाळलं आणि म्हणाले, ‘‘अजून उजवाच.’’ हेडबाईंनी मान हलवली, दोन्ही कप उचलले आणि आत जाऊन बराच वेळ नळ चालू ठेवला.

हल्ली सातला दोघी चाखतात. एक चकती बारीककडे ओढते, दुसरी जाडकडे. साडेसातची वेळ आता पावणेआठवर गेली आहे. शिवणयंत्रवाला बाहेर उभा राहून काचेवर बोटं वाजवतो आणि आतून आवाज येतो, ‘‘थांबा जरा, अजून ठरलं नाही!’’