पलावानची उडणारी खार

आखाती युद्ध पेटलं होतं, पण माझं डोकं त्याआधीपासूनच तापलेलं होतं. ज्याच्या परवान्यावर मी सौदीत राहत होतो त्या कफीलने माझं पेठेतलं कापडाचं दुकान स्वतःच्या भाच्याला दिलं आणि मला कतीफच्या मागच्या गल्लीत बसवलं.

तिथे एका सकाळी पलावान बेटावरचा एक फिलिपिनो मच्छीमार आला. गळ्यात गॅसचा मुखवटा, तोंडभर हसू. त्याने तपकिरी कापड गालावर घासून पाहिलं आणि मी सांगितला तो भाव मुकाट्याने दिला. मी खवळलोच.

"अरे बाबा, काही कमी कर असं तरी म्हण!"

"वेळ नाही, भाई. दोस्ताची जेद्दाची बस दुपारी सुटते, तिथून तो घरी जाणार. त्याच्या हाती मुलीसाठी पाठवायला आमच्या जंगलातली उडणारी खार शिवून दे."

हात फैलावून, काखेतलं कातडं चिमटीत ओढून त्याने खार समजावली. मी शिंपीकामातूनच वर आलेला. शिवून दिली.

"हातापायांमधला पडदा ढिला हवा."

उसवून पुन्हा शिवली.

"शेपूट चपटी असते."

"खलास! आता एक टाकाही घालणार नाही."

"तिकडेही फारशी कुणी पाहिलेली नाही, भाई. घरात तर मी एकट्यानेच. चुकीची गेली तर मुलगी म्हणेल, बाबा थापा मारतो."

तिसऱ्यांदा शिवली. तो स्टुलावर चढला, खार सोडली. ती तरंगत दाराबाहेरच्या भाजीवाल्याच्या टोपलीत उतरली.

"हीच!" ती उचलून तो बसकडे पळत सुटला.

मी त्याच ताग्यातून आणखी तेवढंच कापड फाडलं. माझीही मुलगी होती, रत्नागिरीत.