तळमजल्याचं बटण

तळमजल्याचं बटण मी दाबलं. चूक माझीच.

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधली आमची सोसायटी. सहावा मजला, सकाळची वेळ. माझी सतरा वर्षांची मुक्ता स्वमग्न आहे. घराचं दार ओढण्यापासून शाळेच्या बसमध्ये चढण्यापर्यंत सगळं तिनं स्वतः करायचं, हे शाळेनं महिनोन् महिने घोटून घेतलेलं. मधली एक पायरी दुसऱ्यानं केली की तिची साखळी तुटते. मग ती पुन्हा घराच्या दारापासून सुरू करते. शाळेतल्या अक्का मला सांगून दमल्या होत्या, "सर, तुमचे हात खिशात ठेवा." पण माझं बोट मेलं सवयीचं गुलाम.

मुक्ता लिफ्टच्या दारात थिजली. पेटलेल्या बटणाकडे बघत राहिली. आत शेजारचे गृहस्थ होते, सोसायटीचे अध्यक्ष. मी म्हणालो, "सॉरी सर, एक मिनिट."

त्यांनी तिची वेणी मुठीत धरली आणि तिला बाहेर फेकलं.

"इसको सर्विस लिफ्ट से ले जाया करो. कचरा, कुत्ते, सब उसी से जाते हैं."

मुक्तानं डोकं भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. मनगटाला चावली, रक्त आलं. ते परत तिच्यावर धावून आले, पुन्हा वेणी धरली. आणि मी काय म्हणालो? "सॉरी सर." पन्नाशीपर्यंत एवढंच कमावलेलं. आयुष्यात कधी कुणाला मारलं नव्हतं, फक्त मार खाल्ला होता.

मग तिच्या वेणीतून केस तुटल्याचा आवाज ऐकला.

माझ्या हातात तिचा स्टीलचा डबा होता. तो त्यांच्या कपाळावर घातला. सांबार त्यांच्या पांढऱ्या बुटांवर. त्यांचं कोपर माझ्या नाकावर. मी पुन्हा डबा घातला. त्यांच्या मुठीतून वेणी सुटली.

आरडाओरडा ऐकून वॉचमन धावत आला. "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, सर." जरा जुळवून घ्या, हे तो मला म्हणाला. त्यांना नाही.

मी म्हणालो, "सर्विस लिफ्टनं जाणार नाही." मराठीत म्हणालो. त्या दोघांनाही कळलं. वॉचमन त्यांना लिफ्टनं खाली घेऊन गेला.

मुक्ता उठली. घरापर्यंत गेली, दार पुन्हा उघडून ओढलं, परत आली. रक्ताळल्या हातानं लिफ्ट बोलावली. आत शिरली. तळमजल्याचं बटण दाबलं. माझे हात खिशात होते. बस थांबलेली होती. ती चढली.

संध्याकाळपर्यंत अध्यक्षांची पोलिसात जायची धमकी घरी पोचली. बायको माझ्या नाकातला कापूस बदलत होती. मी जरा रंगवूनच सांगायला लागलो, डबा कसा फिरवला वगैरे. तिनं ऐकून घेतलं.

"उद्याही हीच लिफ्ट," ती म्हणाली. "बटण तीच दाबेल. तुझे हात खिशात. त्यानं तिला हात लावला, तरच बाहेर काढ. आणि आधी सॉरी म्हणू नकोस."