डब्याची दुसरी बाजू

दहाच्या दहा गांडुळं डब्याच्या एकाच बाजूला गेली होती, आणि ती आमची बाजू नव्हती.

आमच्या वस्तीमागचा रंगाचा कारखाना कधीच बंद पडला. तिथल्या मातीत मुरलेली रसायनं काढायला सरकारनं ती यंदा धुऊन घेतली आणि मशीनचा रिपोर्ट आला, माती साफ. तरी तपासणीच्या सुनंदाताईंनी काचेच्या डब्यात अर्धी आमची माती भरली, अर्धी रानातली, आणि मधल्या रेघेवर गांडुळं सोडली. दोन दिवसांनी मी बघायला गेले.

"म्हणजे माती वाईट?" मी विचारलं.

"एकही मेलं नाही, म्हणून वाईट म्हणता येत नाही," त्या म्हणाल्या. "एकही थांबलं नाही, म्हणून चांगली म्हणवत नाही."

मला काही उमगेना. रिपोर्ट खोटा नसेल, आणि गांडुळं कशाला खोटं वागतील? आम्ही तर त्याच मातीत अळू लावतो, खातो, आणि धडधाकट आहोत. म्हणजे बहुतेक आहोत.

डबा आवरताना ताईंनी सहज विचारलं, "तुम्ही कधी दुसरीकडे का नाही गेलात?"

मी डब्याकडे बघत म्हटलं, "यांना तुम्ही दुसरी बाजू भरून दिलीत ना."