डॉक्टरच्या प्रतीतला जादा सूर

सगळे त्याला कानसेन म्हणायचे आणि त्यालाही ते आवडायचं. पियानो जुळवून देणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. कुणाच्या घरी गेला की आधी झाकण उघडून आत डोकवायचा, आपल्या आधी दुसरं कुणी हात घालून गेलंय का ते बघायला. दुकानातून साखर आणली की घरच्या काट्यावर पुन्हा तोलायचा. बायको म्हणायची, "अहो, आरशात बघतानासुद्धा तुम्ही आधी मागे कोण उभं आहे ते बघता." यात अतिशयोक्ती होती, पण फार नाही.

त्याचा जीव मात्र मागच्या खोलीत. जुन्या काळी आपोआप वाजणारे पियानो निघाले होते. त्यांच्या पोटात भोकं पाडलेल्या कागदाची लांबलचक गुंडाळी बसवायची; एकाच वादनाच्या अशा कितीतरी गुंडाळ्या कारखान्यातून निघत. कागद सरकत जाई, ज्या पट्टीचं भोक येईल ती पट्टी खाली जाई, आणि रिकाम्या स्टुलासमोर केव्हाच मरून गेलेला कुणी वादक वाजवू लागे. आता त्या गुंडाळ्या पिवळ्या पडल्यात, हात लावला तर तुटतात. कानसेन त्या मिळतील तिथून मिळवायचा, स्वतः जोडलेल्या यंत्रावरून सरकवत त्यांचं स्कॅन करायचा आणि मग कॉम्प्युटरसमोर बसून एकेक भोक तपासायचा. हे वादकाचं, हे किड्याचं, हे कुणा धसमुसळ्याने गुंडाळताना फाडलेलं. किड्याची भोकं पुसायची, फाटलेली सांधायची. तयार झालेली फाइल नव्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या पियानोला दिली की पट्ट्या पुन्हा खालीवर होऊ लागायच्या. संशयी माणसाला याहून चांगलं काम मिळणं कठीण. भोकाभोकावर शंका घ्यायची आणि वर लोकांनी शाबासकी द्यायची.

गंमत अशी की असा पियानो त्याच्याकडे नव्हता. तो होता डॉक्टरकडे. डॉक्टर म्हणजे दातांचा डॉक्टर, शाळेपासूनचा मित्र. सुट्टीच्या दिवशी सकाळी कानसेन फाइल खिशात घालून त्याच्या दिवाणखान्यात जायचा, आणि दोघं चहाचे कप हातात धरून रिकाम्या स्टुलाकडे बघत बसायचे. आपलं काम खऱ्या तारांवर ऐकायची कानसेनाची ही एवढी एकच जागा होती.

फाइली तो फुकट वाटायचा. डॉक्टर, एक वकीलबाई, एक निवृत्त स्टेशनमास्तर आणि दूरदेशीचे काही शौकीन. अट एकच, पुढे कुणाला द्यायची नाही. लोक 'हो' म्हणायचे, आणि ते इतक्या चटकन म्हणायचे की याच्या मनात पाल चुकचुकायची. म्हणून प्रत्येकाच्या प्रतीत तो गुपचूप एक खूण पेरून ठेवायचा. वकीलबाईंच्या प्रतीत शेवटचा सूर केसभर लांब, स्टेशनमास्तरांच्या प्रतीत मधलाच एखादा केसभर उशिरा. फाइल फुटलीच तर चोर लगेच हाती लागावा. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

एकदा त्याला एक संथ चालीची गुंडाळी मिळाली. वादक फारसा कुणाला माहीत नसलेला. रचनेच्या मध्यावर सगळे सूर विझत जात, मोठी शांतता येई, आणि त्या शांततेत खालच्या एका पट्टीचं एकच भोक. काठ फाटलेले, कुरतडल्यासारखे. असल्या जागी कुठला शहाणा वादक बोट ठेवेल? हा किडा, असा निकाल देऊन कानसेनाने ते पुसलं. पुसता पुसता त्याला युक्ती सुचली. डॉक्टरच्या प्रतीत त्याने ते तसंच राहू दिलं. आयतीच खूण झाली. जन्मभर ड्रिल चालवून डॉक्टरचे कान गेलेत, त्याला काय कळणार, असा त्याचा हिशेब.

बरेच महिने गेले. मग एका दुपारी इंटरनेटवर त्याला तीच रचना सापडली, कुणा अनोळखी शिक्षिकेने तयार करून सगळ्यांसाठी ठेवलेली. त्याने ती कपाळाला आठ्या घालून ऐकली. शांतता आली, आणि शांततेत तो सूर वाजला. कानसेनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती खूण फक्त एकाच प्रतीत होती.

तो तडक दवाखान्यात गेला. डॉक्टर एका माणसाच्या तोंडात आरसा घालून उभा होता.

"तू फाइल बाहेर दिलीस," कानसेन दारातूनच म्हणाला.

"कुठली? मी कुणाला काही दिलं नाही रे."

"तुझ्याच प्रतीतून गेलीय."

"कशावरून?"

"कान आहेत मला." खुणेबद्दल मात्र त्याने तोंडातून चकार शब्द काढला नाही. उद्या दुसऱ्या कुणाला पकडायचं असलं तर?

डॉक्टरने आरसा ट्रेमध्ये ठेवला. "इतक्या वर्षांत मी तुझं कधी काही घेतलंय?"

"आजवर सापडला नव्हतास."

बोलून झाल्यावर कानसेनालाही ते जरा जास्तच वाटलं. खुर्चीतला माणूस कापसाच्या बोळ्यांतून हुं हुं करत होता. बहुधा त्याला तिथून पळून जायचं असावं. डॉक्टरने हातमोजे ओढून नीट केले आणि म्हणाला, "जा. मला काम आहे."

त्यानंतर सुट्टीच्या सकाळी कानसेन घरीच बसू लागला. कॉम्प्युटरच्या स्पीकरवर पियानो लावायचा, तर तो डब्यात कोंबल्यासारखा वाजायचा. बायको भाजी निवडता निवडता ऐकायची.

"जा की, बोला त्याच्याशी," एकदा ती म्हणाली.

"चोराशी?"

"खोटं बोलताना त्याला घाम फुटतो. तुम्हाला वाढदिवसाचं घड्याळ आणलं होतं तेव्हा ते लपवताना किती भिजला होता, आठवतंय? दवाखान्यात घाम आला होता का त्याला?"

घाम आला नव्हता. पण तिथे पंखा होता, असं कानसेनाने स्वतःला समजावलं. आणि त्या शिक्षिकेला एक झणझणीत मेल पाठवलं. चोरीचा माल कुठून आणला ते सांगा, नाहीतर चारचौघांत नाव घेईन.

उत्तरादाखल एक पार्सल आलं. आत जाड पुठ्ठ्याच्या नळीत कागदाची गुंडाळी, आणि वर चिठ्ठी: "माझ्या आजोबांच्या कपाटात होती. तुम्हीच तपासा आणि सावकाश परत पाठवा." ओळख ना पाळख, आणि बाईंनी अस्सल वस्तू टपालाने पाठवून दिली होती. कानसेनाला आधी तिचाच संशय आला. कागदाचा वास घेतला, काठ बोटाने चाचपले, भिंग लावून शिक्का पाहिला. सगळं खरं होतं. मग त्याने गुंडाळी यंत्रावर चढवली आणि शांततेच्या जागेशी हात थांबवला.

तिथे भोक होतं. गोल, स्वच्छ, कारखान्यातल्या यंत्राने पाडलेलं. कानसेनाच्या कागदावर नेमकं त्या भोकाच्याच काठाशी फाटलं होतं, एवढंच.

म्हणजे किडा नव्हताच. वादकाने तिथे बोट ठेवलं होतं आणि कानसेनाने ते पुसून टाकलं होतं. सगळ्यांच्या प्रती चुकीच्या होत्या. खरी प्रत एकट्या डॉक्टरकडे होती, आणि तीही कशासाठी दिलेली, तर तो चोर निघेल म्हणून. कानसेन मागच्या खोलीत किती वेळ बसून राहिला कुणास ठाऊक. बायकोने दोनदा जेवायला हाक मारली. त्याला मनापासून लाज वाटत होती.

सुट्टीच्या सकाळी तो डॉक्टरच्या दारात उभा राहिला. डॉक्टरने दार उघडलं, 'ये' म्हणाला नाही, पण बाजूला झाला.

"चुकलो मी," कानसेन म्हणाला. "त्या बाईकडे स्वतःचीच गुंडाळी होती."

डॉक्टरने चहाचे दोन कप आणून ठेवले, मग पियानोपाशी जाऊन तीच रचना लावली. पट्ट्या खालीवर होऊ लागल्या. शांतता आली, तो एकटा सूर वाजला, आणि डॉक्टरने पियानो थांबवला.

"वकीलबाईंनी त्यांची प्रत एकदा इथे लावली होती," तो म्हणाला. "तिच्यात हा सूर नाही. स्टेशनमास्तरांच्यातही नाही. मला वाटलं, तू माझ्यासाठी म्हणून ठेवलास. तू दवाखान्यात ते बोलून गेलास ना, त्या दिवशी तुझ्या सगळ्या फाइली पुसल्या मी. ही तेवढी पुसवेना."

हो म्हणायचं, की झालं. कुणालाही कळलं नसतं. कानसेनाने कप उगाच बशीत फिरवला.

"तुझ्यासाठी नव्हता ठेवला," तो म्हणाला. "खूण होती ती. तू चोरलीस तर कळावं म्हणून."

डॉक्टरने आपला कप हातात घेतला. मग म्हणाला, "पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. सगळ्यांच्याच प्रतीत असते."

"बरं," डॉक्टर म्हणाला, आणि वळून त्याने रचना पुन्हा पहिल्यापासून लावली.

ते 'बरं' कसलं होतं? माफ केलं म्हणून, की शेवटचं ऐकून घे आणि चालू लाग म्हणून? कानसेन डॉक्टरचा चेहरा निरखू लागला. कपाळ, ओठ, कपावरची बोटं. सूर विझत गेले, शांतता आली, आणि हा अजून डॉक्टरच्या भुवया वाचत होता. डॉक्टरने डोळे मिटले, ओठ किंचित हलले, आणि मग रचना पुढे निघून गेली.

तो सूर केव्हा वाजून गेला ते कानसेनाला कळलंच नाही.