सायकलच्या ट्यूबचं रबर

नात दातांच्या तारेले इवलं रबर अडकवते. त्या रबराच्या वासानं मले इंग्रजांच्या राजातलं आमचं तेल्हारा गाव आठवते. आमचं लग्न नवं होतं. बायकोच्या पुढच्या दोन दातांत फट होती, आई रोज टोमणे मारे. मीच सायकलच्या व्हॉल्वट्यूबचं, त्या बारीक रबरी नळीचं, कडं कापून त्या दातांवर चढवलं. चौथ्या दिवशी ते दिसेना. गिळलं असंल, म्हटलं. मग हिरडी सुजली, दात हलू लागले.

अकोल्याच्या डॉक्टरनं हिरडीत शिरलेलं रबर चिमट्यानं ओढून काढलं. "कोण्या गाढवानं घातलं हे?" मी घामानं भिजलो. रक्त थुंकत ती म्हणाली, "म्याच घातलं जी. मलेच हौस."

दोन्ही दात गेले. आई म्हणाली, "घ्या, नटवी बोळकी झाली!" मी खाली मान घालून भाकर खाल्ली. वाचलो, असं वाटलं तेव्हा.

बायको वारून महिना झाला. आता साऱ्यांले सांगून राहिलो, रबर मीच घातलं होतं. तिच्यासमोर एकदाही सांगितलं नाही.